ढीग नेमका कधी संपतो?

वाळूचा एक ढीग आहे. त्यातला एक कण उचलला. ढीग ढीगच राहिला. अजून एक उचलला, तरी ढीगच. एका कणानं ढिगाचा ढीगपणा जात नाही, हे एकदा मान्य केलं की कण उचलत उचलत शेवटी एकच कण उरला, तरी त्यालाही ढीगच म्हणावं लागेल. तसं तर कुणी म्हणणार नाही. मग मधल्या कोणत्या कणाला ढीग संपला?

हे कोडं युब्युलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं. तर्कशास्त्राच्या वर्गात ते शब्दांच्या संदिग्धपणाचं उदाहरण म्हणून शिकवतात आणि मुलं हसून पुढच्या धड्याकडे वळतात.

मी राहतो देवळाली प्रवरा या गावात. राहुरी तालुका, अहिल्यानगर जिल्हा. आमच्याकडे हे कोडं कणांत मोजत नाहीत, ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. घर बांधायला काढलेल्या प्रत्येक माणसाला इथं ब्रासचा भाव तोंडपाठ असतो. गावाच्या नावातच नदी आहे, पण त्या नदीतली वाळू नेमकी कोणत्या ब्रासला संपली, हे गावात कुणालाच सांगता येत नाही.

जुनी माणसं सांगतात की उन्हाळ्यात प्रवरेचं पाणी आटलं तरी वाळूत हातभर खड्डा केला की झिरा लागायचा. निवळशंख पाणी. वाटीनं हंडा भरायचा आणि घरी न्यायचा. वाळूत टरबुजांच्या वाड्या लागायच्या. नदी वाहत नव्हती तेव्हाही ती कामावर होती. पाणी वाळूच्या पोटात होतं आणि तेच हळूहळू काठच्या विहिरींना पुरत होतं. आज पात्रात जागोजाग माती उघडी पडलीय, खड्डे आहेत, वेड्या बाभळी आहेत. हे एका रात्रीत झालेलं नाही. कुणी एकानं केलेलंही नाही. प्रत्येकानं थोडी नेली. प्रत्येकाचं कारण खरं होतं.

म्हणून मला समुद्रकाठच्या वाळूबद्दल लिहायचंय. सह्याद्रीच्या अलीकडच्या माणसानं कोकणातल्या वाळूच्या टेकड्यांची काळजी का करावी, असं तुम्ही विचाराल. कारण असं की आमचा ढीग संपून गेलाय. त्यांचा अजून थोडा शिल्लक आहे.

केळशीची टेकडी

दापोली तालुक्यात, भारजा नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं केळशी गाव आहे. किनाऱ्यावर वाळूची एक टेकडी आहे, सुमारे अठरा मीटर उंचीची. म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी. लांबून बघणाऱ्याला ती नुसती वाळू वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा अनेक वर्षं अभ्यास केला. टेकडीच्या थरांत त्यांना जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. ही टेकडी १५२४ साली आलेल्या त्सुनामीनं उभी केली, असं मत त्यांनी मांडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वास्को द गामाचा तांडा दाभोळच्या समोरच्या समुद्रात असताना वारा नसताना पाणी उसळलं आणि जहाजं हेलकावली, अशी नोंद पोर्तुगीज बखरकारांनी केलेली आहे. दाभोळ केळशीहून फार लांब नाही.

त्सुनामीचं हे अनुमान कुणी मानेल, कुणी म्हणेल की एवढी वाळू वाराही साचवू शकतो. आपल्या मुद्द्यासाठी दोन्ही चालतील. कशानंही साचलेली असो, ही टेकडी म्हणजे गावाचं दप्तर आहे. त्यात काय लिहिलंय ते वाचायचं तर ती जागेवर हवी. आणि वाळूचं दप्तर असं असतं की पानं एकदा हलली की पुन्हा क्रमानं लावता येत नाहीत.

बहुतेक टेकड्या केळशीइतक्या उंच नसतात. माणसाच्या कमरेएवढ्या, फार तर दोन-तीन पुरुष उंच. त्या तयार कशा होतात ते बघण्यासारखं आहे. भरतीनं आणून टाकलेली वाळू उन्हात वाळते. समुद्राकडून येणारा वारा तिला जमिनीकडे ढकलतो. वाटेत एखादं झुडूप, एखादी वेल आडवी आली की वारा मंदावतो आणि हातातली वाळू तिथं टाकून देतो. वेल वाळूखाली गाडली जाते आणि वर डोकं काढते. पुन्हा वाळू, पुन्हा वेल. असं वर्षानुवर्षं चालतं आणि टेकडी उभी राहते. तिची मुळं हाच तिचा पाया.

या वेलीला मराठीत मर्यादवेल म्हणतात. जांभळट फुलांची, आपट्याच्या पानासारख्या दुभंगलेल्या पानांची. ती जिथपर्यंत पसरते ती समुद्राची मर्यादा. तिच्या सोबतीला काटेरी गोल तुऱ्यांचं गवत असतं, त्याला रावणाची मिशी म्हणतात. त्याचे तुरे वाऱ्यावर किनाऱ्यानं घरंगळत जातात आणि पोरं त्यांच्यामागे धावतात. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी किनारा शास्त्र म्हणून अभ्यासला नव्हता. पण ‘मर्यादा’ हा शब्द त्यांनी बरोबर जागी ठेवला.

पावसाळ्यात दर्या खवळतो आणि टेकडीचा पुढचा भाग तोडून नेतो. ती वाळू किनाऱ्याजवळच पाण्याखाली जाऊन बसते. तिथं लाटा आधीच फुटतात, त्यांचा जोर गावापर्यंत पोचत नाही. पाऊस सरला की शांत झालेल्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून पुळणीवर टाकतात. टेकडी म्हणजे किनाऱ्याची शिल्लक. अडीनडीला काढायची, बरे दिवस आले की परत भरायची. तिच्यामागे पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरून राहतं, खाऱ्या पाण्याला मागे रेटतं आणि म्हणून लाटांच्या इतक्या जवळच्या विहिरीलाही गोडं पाणी असतं. हे वाचताना मला आमचा झिरा आठवतो. नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅम शहर १८५३ पासून किनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांमधलं पाणी पितं आहे. तिथं टेकडी हा पाणीपुरवठ्याचा भाग आहे आणि समुद्राला थोपवणारी भिंतही. तिच्यावर घर बांधू द्या, असं म्हणायला कुणी सहसा धजत नाही.

२००४ च्या त्सुनामीनंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ अँतोनियो मास्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं तमिळनाडूचा किनारा तपासला. वाळूच्या टेकड्या आणि किनाऱ्यावरची झाडी यांनी लाटा अडवण्यात काय काम केलं, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. ज्या टेकडीला आदल्या दिवसापर्यंत कुणी ‘रिकामी जागा’ म्हणत असेल, ती त्या सकाळी रिकामी नव्हती.

‘रिकामी’ म्हणजे काय?

हा शब्द जरा थांबून बघायला हवा. आपण जागेला रिकामी कधी म्हणतो? जेव्हा तिथं आपलं काही नसतं तेव्हा. घर नाही, पीक नाही, कुंपण नाही, म्हणजे रिकामी. ‘पडीक’ हाही तसलाच शब्द. जणू ती जमीन आळशी माणसासारखी पडून राहिलीय आणि आता तिला कामाला लावायला हवं.

तुमच्या फोनवरही ही भाषा येतच असेल. ड्रोननं काढलेली चित्रफीत, मागे संथ गाणं, निळं पाणी, पांढरी वाळू आणि त्यावर आखलेले चौकोन. सी व्ह्यू, एनए प्लॉट, दहा मिनिटांत बीच. ड्रोन वरून बघतो तेव्हा टेकडीची उंचीच दिसत नाही. सगळं सपाट दिसतं. सपाट दिसलं की रिकामं वाटतं.

मराठीत एक शब्द मात्र वेगळं सांगतो. वाळवंट. आज आपण तो राजस्थानसाठी वापरतो, पण पंढरपूरला अजूनही वाळवंट म्हटलं की चंद्रभागेचं पात्रच डोळ्यांपुढे येतं. तिथं कुणाचं घर नाही, म्हणून तिथं सगळ्यांना जागा आहे. ज्यांना देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांनाही वाळवंटात उभं राहता येत होतं. वर्षातले काही महिने ती जागा नदीची आणि उरलेले महिने सगळ्यांची. कुणाच्याच मालकीची नसणं आणि रिकामी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला पूर्वी माहीत होतं.

उलट टोकाला मुंबईतलं वाळकेश्वर. रामानं वाळूचं लिंग केलं अशी कथा, तो वाळूचा ईश्वर. आज तो देशातल्या सर्वांत महाग पत्त्यांपैकी एक आहे. जुहू हे एकेकाळी समुद्रातलं वाळूचं लांबट बेट होतं. या जागा वाईट झाल्या असं मी म्हणत नाही, तिथं लाखो माणसांचं आयुष्य उभं आहे. मुद्दा एवढाच, की तिथं वाळूचा ढीग कधी संपला याची तारीख कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

कुणाचंच पाप नाही, तरी नुकसान

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे. समजा, एका टेकडीवर शंभर माणसं शंभर छोट्या गोष्टी करतात. एक जण चार पाट्या वाळू नेतो. दुसरा गाडी उभी करता यावी म्हणून थोडी सपाटी करतो. तिसरा वेल काढून लॉन लावतो. चौथा झोपडीवजा रेस्टॉरंट टाकतो. शंभरांपैकी एकानंही टेकडी मोडलेली नाही. टेकडी मात्र मोडलीय. दोष कुणाचा?

आपली रोजची नीती इथं गोंधळते, कारण ती दोन माणसांमधल्या व्यवहारावर घडलेली आहे. मी तुम्हाला मारलं, तुम्हाला लागलं. मी तुमचे पैसे घेतले, तुमचे कमी झाले. कर्ता दिसतो, जखम दिसते. इथं प्रत्येक कृतीची जखम शून्याच्या इतकी जवळ आहे की ती दिसतच नाही.

डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९८४ साली आलेल्या आपल्या ग्रंथात नेमका हाच प्रसंग उभा केला. हजार छळ करणारे, हजार कैदी. पूर्वी प्रत्येक जण एका कैद्याला यातना द्यायचा. आता यंत्र असं बसवलंय की प्रत्येकानं एकेक बटण दाबायचं, आणि एका बटणानं प्रत्येक कैद्याच्या वेदनेत इतकी बारीक वाढ होते की ती त्याला जाणवतही नाही. हजारांनी बटणं दाबली की मात्र यातना पूर्वीएवढीच. प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणालाच काही झालं नाही. पार्फिटचं म्हणणं असं की हे वाक्य खरं असलं तरी त्यानं कुणी सुटत नाही. माझी कृती एकटीनं काय करते एवढंच विचारणं अपुरं आहे. माझी कृती कशाचा भाग आहे, हेही विचारावं लागतं.

हे फक्त पुस्तकातलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात जो आदेश दिला, त्यात हेच कोडं नदीच्या वाळूवर आलं होतं. पाच हेक्टरांपेक्षा कमी क्षेत्रातल्या खाणकामाला पर्यावरण मंजुरी लागत नव्हती. मग काय, मोठी जागा पाच हेक्टरांच्या आतल्या तुकड्यांत विभागली की काम भागत होतं. एकेक तुकडा निरुपद्रवी. न्यायालयानं सांगितलं की लहान तुकड्यांनाही मंजुरी लागेल, कारण नदीला तुकडे कळत नाहीत. हे शेवटचे शब्द माझे, पण आशय तोच.

म्हणजे युब्युलिडीसचं कोडं मनोरंजनासाठी नाही. ते जगातल्या एका मोठ्या पळवाटेचं वर्णन आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. एवढा ढीग कुणी एकानं उचललेला नाही. तो ब्रासब्रासनं गेलाय.

रेष का आखायची?

ढीग कधी संपतो हे निसर्ग सांगत नसेल, तर उपाय एकच उरतो. संपायच्या कितीतरी आधी आपणच एक रेष आखायची आणि म्हणायचं, इथून पुढे नाही.

भारतानं किनाऱ्यासाठी अशी रेष आखली होती. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीच्या कमाल रेषेपासून निदान ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा. १९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना निघाली. ५०० मीटरचा पट्टा नियमांखाली आला. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातला पहिला २०० मीटरचा भाग ‘ना विकास क्षेत्र’ ठरला. सुशोभीकरणासाठी किंवा करमणुकीसाठी वाळूच्या टेकड्यांचा आकार बदलायला तेव्हापासूनच बंदी आहे. २०११ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील वर्गात नावानिशी आल्या. जानेवारी २०१९ मध्ये नवी अधिसूचना आली. तीतही टेकड्या त्या वर्गात आहेत, पण दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं असतील तिथं, ना विकास क्षेत्र २०० वरून ५० मीटरवर आलं.

५००, २००, ५०. हे आकडे ओळीनं वाचले की ढिगाचं कोडं पुन्हा ऐकू येतं. रेषेवर नेहमी एकच आक्षेप असतो. ५०० च का? ४९९ मीटरवर असं काय आभाळ कोसळतं? प्रश्न बरोबर आहे. काहीच कोसळत नाही. पण मग ४९८ वर काय कोसळतं?

मला वाटतं, इथं आपली सगळ्यांची एक चूक होते. रेष मनानं ठरवलेली आहे हे कळलं की आपण ती खोटी समजतो. पण अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळतो, तो सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला अक्कल नसते म्हणून नाही. कुठंतरी रेष हवी म्हणून. ती इथंच का, याला उत्तर नसलं तरी ती का हवी, याला भक्कम उत्तर आहे. मनानं ठरवलेली रेष आणि मनमानी रेष यांत फरक आहे. मनमानी ती, जी बघणाऱ्याच्या सोयीनं सरकते.

वाळूच्या टेकडीच्या बाबतीत या रेषेला अजून एक अर्थ आहे. टेकडी ही सरकणारी गोष्ट आहे. ती पावसाळ्यात मागे येते, हिवाळ्यात पुढे जाते. तिला जगायला हलण्याची जागा लागते. घर हलत नाही. हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की हलणारीचं हलणं हा गुन्हा ठरतो. ‘समुद्र आत आला’ असं आपण म्हणतो. मग घर वाचवायला काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा बांधावा लागतो. लाट बंधाऱ्यावर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते, बंधारा संपतो तिथं शेजारच्याचा किनारा कापला जातो आणि तिथंही बंधाऱ्याची मागणी होते. टेकडी जे काम फुकट आणि स्वतःची डागडुजी स्वतः करत पार पाडत होती, तेच मग दर काही वर्षांनी निविदा काढून करावं लागतं.

म्हणून रेष माणसांनी पाळायची, म्हणजे टेकडीला पाळावी लागत नाही. मर्यादवेल समुद्राला मर्यादा घालते असं आपण म्हणतो. ती मर्यादा दोन्ही बाजूंनी वाचता येते.

कोकणातल्या मित्राचा प्रश्न

हे सगळं मी एकदा कोकणातल्या एका मित्राला सांगितलं. त्याची वडिलोपार्जित थोडी जागा पुळणीला लागून आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊ, तुमच्या नदीतली वाळू तुम्ही नेलीत. त्यावर तुमची घरं उभी राहिली, बंगले उभे राहिले. आता उरलेली आम्ही जपायची. म्हणजे आम्ही गरीब राहायचं आणि तुम्ही सुट्टीला येऊन फोटो काढायचे, असंच ना?”

या प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्याच्या म्हणण्यात वजन आहे. माझं घर सिमेंट-वाळूचंच आहे. आणि फायदा सगळ्यांचा, किंमत एकाची, असा संरक्षणाचा हिशोब अन्यायाचाच असतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याला गळकं छप्पर दुरुस्त करायला नियम आडवे येतात, आणि जवळच कुठंतरी भलंमोठं बांधकाम कागदपत्रांसह उभं राहतं, हे बघणाऱ्याला रेषेचं तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही.

पण त्याच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत, ते वेगळे करावे लागतील. टेकडी वाचवावी का, हा एक. तिची किंमत कुणी द्यावी, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर अन्यायाचं मिळतंय म्हणून पहिल्याचं उत्तर बदलत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या घराची दुरुस्ती आणि बाहेरून येणाऱ्या भांडवलाचा नवा मजला यांत फरक करणारी रेष आखता येते. २०१९ च्या नियमांमागे जुन्या दाट गावांची अडचण हे एक कारण सांगितलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. प्रश्न असा की त्या सवलतीच्या दारातून कोण कोण आत येतं, हे कोण बघणार.

आमच्या बाजूलाही हाच पेच आहे. राज्याच्या वाळू धोरणानुसार पहिला शासकीय वाळू डेपो १ मे २०२३ रोजी आमच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात, नायगावला सुरू झाला. तेव्हा दर होता ६०० रुपये ब्रास. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत, असंही सरकारनं जाहीर केलं. कुडाच्या घरातून पक्क्या घरात जाणाऱ्या बाईला नदीचं तत्त्वज्ञान ऐकवायची माझी हिंमत नाही, आणि तशी गरजही नाही. तिच्या पाच ब्रासनं नदी संपलेली नाही. दगडाचा चुरा करून केलेली कृत्रिम वाळू आता मिळते. तिला डोंगर फोडावे लागतात, म्हणजे तीही फुकट नाही. तरीही मोठ्या इमारतींनी, रस्त्यांनी आणि सरकारी कामांनी आधी तिकडे वळावं आणि नदीची थोडी वाळू घरकुलाला राहू द्यावी, हा क्रम न्यायाचा आहे. ज्याला पर्याय परवडतो त्यानं आधी थांबायचं.

मित्राला मी एवढंच म्हणालो की आमच्याकडे नदीतली वाळू विकून गावं श्रीमंत झाली, असं मला तरी दिसलं नाही. मोजके लोक झाले. बाकीच्यांनी बोअर खोल केले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे आमच्या सरपंचांना येऊन सांगा.” पटलं की टोला होता, मला कळलं नाही.

वाळू कुठे जाते

आणि एक गोष्ट. प्रवरा आमच्याकडून निघते ती कोकणात उतरत नाही. ती रतनगडाच्या परिसरात उगम पावते, म्हणजे समुद्राच्या अगदी जवळ, आणि पाठ फिरवून पूर्वेला निघते. नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते आणि तिथून आंध्रच्या किनाऱ्याला बंगालच्या उपसागरात जाते. सह्याद्रीच्या कड्यातून सुटलेला एक कण हजारभर किलोमीटर प्रवास करून त्या किनाऱ्याची पुळण व्हायचा. हा प्रवास किती पिढ्यांचा असेल कुणास ठाऊक.

आता त्या कणाच्या वाटेत १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आहे, ट्रॅक्टर आहेत, आणि त्यातूनही सुटला तर पैठणचा नाथसागर आहे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाची झीज होतेय आणि धरणांत अडकलेला गाळ हे तिचं एक मोठं कारण आहे, असं अभ्यासकांनी दाखवलंय. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावात समुद्र वर्षानुवर्षं घरं गिळतोय. त्याला आमचा एखादा ब्रास जबाबदार आहे का? नाही. आमचे सगळे ब्रास, सगळी धरणं आणि वाटेतली सगळी गावं मिळून? तिथं ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. धरणांनी आम्हाला ऊस दिला, शाळा-कॉलेजं दिली, हेही खरं. म्हणून हा हिशोब कुणाला गुन्हेगार ठरवायला मांडायचा नाही. समुद्रापासून लांब राहतो म्हणून किनाऱ्याशी आपला संबंध नाही, एवढं एक वाक्य मात्र आपल्याला यापुढे वापरता येणार नाही.

तुमच्यापैकी बरेच जण अजून पंचविशीतही नसतील. पुढच्या वीस-तीस वर्षांत तुम्ही घर बांधाल, प्लॉट बघाल, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत निवडून जाल, इंजिनिअर म्हणून कुठल्यातरी नकाशावर सही कराल. तेव्हा तुमच्यासमोर कधीच अख्खी टेकडी येणार नाही. तिचा एक छोटा तुकडा येईल, सोबत एक चांगलं कारण असेल आणि कुणीतरी प्रामाणिकपणे म्हणेल की एवढ्यानं काय होतंय. ते खरंही असेल.

त्या वेळी विचारायचे प्रश्न साधे आहेत. या जागेवर आधी रेष होती का? ती कुणी सरकवली? कुणाच्या सोयीनं? किनारा व्यवस्थापनाचे नकाशे सरकारी संकेतस्थळावर असतात, फोनवर उघडतात. प्लॉटची चित्रफीत बघायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडा जास्त वेळ लागेल. विकणाऱ्याला अधिसूचनेतला वर्ग कोणता, हे विचारलं की तो गडबडतो का तेही बघा.

युब्युलिडीसच्या कोड्याला तत्त्वज्ञांनी दोन-अडीच हजार वर्षांत बरीच उत्तरं दिली. सगळ्यांना पटेल असं एकही नाही. आमच्या नदीनंही उत्तर दिलं नाही, ती नुसती रिकामी झाली. आणि हा शब्द इथं मी जाणूनबुजून वापरतोय. टेकडी कधीच रिकामी नव्हती. तिच्यावरची वाळू, वेल आणि मागची गोडी विहीर गेल्यावर जी उरते, ती खरी रिकामी जागा.